घाम, सोनामुखी आणि बिनपावतीचे २८,१०० रुपये

मी विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर बसते. एकवीस वर्षं लोकांची हॉस्पिटलची बिलं तपासतेय. शिक्का नसेल तर बिल परत, तारीख नसेल तर परत. अशा बाईने २८,१०० रुपये कुणाच्या तरी मेव्हण्याच्या नंबरवर यूपीआयने पाठवले आणि वर 'थँक यू मॅम' असंही लिहिलं. हे आधीच सांगून टाकते. "आपण नसतो बुवा फसलो" असं ज्यांना वाटेल त्यांनी जरा दमाने घ्यावं.

सुरुवात पाठदुखीने झाली. वजन ७४ किलो, वय ४६, बीपीची गोळी चालू. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने हॉट योगाचं नाव काढलं. बंद खोली, भिंतीला हीटर, तापमान ४० अंशांच्या आसपास, समोर आरसे आणि तासभर आसनं. माझं माहेर अकोल्याचं. एप्रिलमध्ये तिथे हे सगळं अंगणात फुकट मिळतं, असं मी पहिल्या दिवशी म्हणालेही. पण खोटं कशाला बोलू, मला आवडलं ते. अंग मोकळं व्हायचं, टॉवेल पिळला की बादलीत पाणी पडायचं आणि काहीतरी केल्याचं समाधान वाटायचं. तीन महिन्यांचे १३,५०० रुपये भरले, त्याची जीएसटीसकट पावती मिळाली. त्या पैशांबद्दल माझी आजही तक्रार नाही.

दीड महिन्याने तिथल्या 'वेलनेस कोच' बाईंनी मला बाजूला घेतलं. गोड बोलायच्या, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान. "मॅम, तुम्ही घाम गाळताय, पण आतला कचरा तसाच आहे. मोरी रोज घासायची आणि तुंबलेला पाइप तसाच ठेवायचा, असं कसं चालेल?" मोरीचा दाखला थेट डोक्यात बसला. योजना होती २१ दिवसांच्या 'शुद्धी'ची, फी १८,५००. पहिला आठवडा फक्त रस आणि लिंबू-मध-मिरीचं पाणी, दुसऱ्या आठवड्यात फळं आणि उकडलेल्या भाज्या. मीठ पूर्ण बंद, धान्य बंद, दूध बंद. दिवसाला पाच लिटर पाणी. रात्री त्यांचा 'हर्बल चहा'. आणि हॉट योगा रोज, एकही दिवस चुकवायचा नाही, कारण "सुटलेलं विष घामातूनच बाहेर पडतं".

बीपीच्या गोळीचं मी सांगितलं होतं. फॉर्मवर तो रकाना होता, तो त्यांनीच भरला. "महिन्याभरात सुटेल ती गोळी," म्हणाल्या आणि पुढचं पान उलटलं. गोळीचं नाव विचारलं नाही. त्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही असतं, हे तेव्हा मला तरी कुठे माहीत होतं! आणि मी क्लेमच्या कागदांवर रोज औषधांची नावं वाचते.

"ही आपली पाच हजार वर्षांची परंपरा आहे," हे वाक्य तिथे दिवसातून चारदा कानावर पडायचं. नंतर शोधलं तेव्हा कळलं की तापवलेल्या खोलीतला हा योग जगभर पसरला तो कोलकात्याच्या बिक्रम चौधरींमुळे, त्यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत वर्ग सुरू केले तेव्हापासून. २६ आसनं, ९० मिनिटं, १०५ अंश फॅरनहाइट असा त्यांचा साचा. म्हणजे परंपरा साधारण माझ्या वयाची. जी खरोखर जुनी आहे त्या हठप्रदीपिकेच्या, म्हणजे हठयोगावरच्या जुन्या ग्रंथाच्या, पहिल्याच उपदेशात (प्रकरणात) साधकाने काय टाळावं ते सांगितलंय. त्यात विस्तवाजवळ बसणं आहे आणि उपवासासारखे देह कष्टवणारे प्रकारही आहेत. खाण्याबद्दल म्हटलंय की स्निग्ध, गोड खावं आणि पोटाचा चौथा हिस्सा रिकामा ठेवावा. आपल्याकडे शंखप्रक्षालन, म्हणजे पाणी पिऊन पोट धुवायची क्रिया, आहेच, पण त्यातसुद्धा पाणी मिठाचं असतं, नंतर तूप घातलेली मुगाची खिचडी खायची असते आणि तो दिवस विश्रांतीचा असतो. या बाईंनी मीठ काढलं, तूप काढलं, विश्रांती काढली. उरली ती शुद्धी.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे लिहायला बसले.

तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. शुद्धी करणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप होता, त्यावर विचारलं. उत्तर आलं, "अभिनंदन मॅम! विष सुटायला लागलं!" खाली अकरा जणींचे हात जोडलेले इमोजी. पाचव्या दिवशी चक्कर. "यकृत जागं होतंय." आठव्या दिवशी पोटऱ्यांत गोळे आले. "जुने साठे हलतायत." ज्यांना काहीच होत नव्हतं त्यांना सांगितलं जायचं की तुमचं विष फार खोल आहे, तुम्ही पुढचं पॅकेज घ्या. बरं वाटलं तर औषध लागू पडलंय, त्रास झाला तर जास्तच लागू पडलंय, आणि काहीच झालं नाही तर आणखी पैसे भरा. ऑफिसात असा क्लेम आला असता तर मी पहिल्या पानावरच लाल पेन मारला असता. इथे मी आठव्या दिवशी पोटरी चोळत खूश होते.

आणि काटा खरंच खाली येत होता. दहा दिवसांत ४.२ किलो! हे माझ्या मुलीने नंतर समजावलं. शरीरात साखरेचा जो साठा असतो तो प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं तोडलं की साठा संपतो आणि पाणीही जातं. वर लिटरभर घाम गेला की काट्यावर किलो कमी दिसतो. जेवायला लागले तशी पंधरा दिवसांत साडेतीन किलो परत आलं.

मधे पाय बुडवायचं एक यंत्रही होतं, ९०० रुपये खेप. मिठाच्या पाण्यात पाय ठेवायचे, पाणी अर्ध्या तासात विटकरी होतं, "हे बघा तुमचं विष". सहा खेपा, ५,४०० रुपये. मुलगी म्हणाली, आई, एकदा पाय न घालता चालवायला सांग. मी विचारलं तर कोचबाईंचा चेहरा उतरला आणि "मशीन तसं चालवलं की बिघडतं" असं उत्तर मिळालं. पाण्यात वीज सोडली की लोखंडी पट्टी गंजते, तो रंग गंजाचा. तरी मी सोडलं नाही. सहाव्या खेपेचे पैसे या संभाषणानंतरचे आहेत.

तेराव्या दिवशी रात्री 'लिव्हर फ्लश'. त्याचं किट वेगळं, ४,२०० रुपये. संध्याकाळी दोनदा एप्सम मीठ (जेवणातलं नव्हे, जुलाबाचं) घातलेलं कडू पाणी, रात्री दहाला अर्धा कप ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस एका दमात, मग उजव्या कुशीवर झोपायचं. सकाळी संडासात चाळणी धरून जे पडेल ते गाळायचं आणि फोटो ग्रुपवर टाकायचा. मी टाकला. मटाराएवढे हिरवे गोळे, मोजून ३४. "पित्ताशयातले खडे!" म्हणून जल्लोष झाला.

ते गोळे मी श्रीखंडाच्या रिकाम्या डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवले. कोचबाईंना प्रत्यक्ष दाखवायचे होते. डबी सापडली माझ्या सासऱ्यांना. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांनी काही बोलायच्या आधी चहाच्या कपात गरम पाणी घेतलं, चमच्याने दोन गोळे आत सोडले आणि खुर्ची ओढून बसले. दहा मिनिटांत गोळ्यांचं हिरवट तेल होऊन वर तरंगायला लागलं.

"खडा असा वितळतो का गं?" अण्णांनी विचारलं.

मी गप्प.

"तेल तूच प्यालीस. पोटातल्या रसांनी ते फुटलं, त्यातली आम्लं लिंबातल्या पोटॅशियमला भेटली, साबण झाला. हिरवा रंग पित्ताचा. चार हजार रुपयांत तू पोटात साबणाची वडी पाडलीस."

मी चिडले. वरच्या खोलीत जाऊन ग्रुपवर लिहिलं की घरचे साथ देत नाहीत. लगेच तयार उत्तर आलं, "शुद्धीच्या काळात नकारात्मक माणसांपासून लांब राहा." आणि मी खरंच दोन दिवस अण्णांशी तुटक वागले. पैशांपेक्षा हे जास्त लागतं मला.

पंधराव्या दिवशी न राहवून दोन चमचे वरण खाल्लं आणि प्रामाणिकपणे ग्रुपवर कबूलही केलं. ते पुढे माझ्यावरच उलटायचं होतं.

सोळाव्या दिवशी संध्याकाळचा वर्ग करून स्कूटरवर निघाले. पुण्यातला नेहमीचा चौक, अकरा वर्षांचा रस्ता. सिग्नल हिरवा झाला आणि घर डावीकडे की उजवीकडे हेच आठवेना. मागून हॉर्न वाजत होते. मी स्कूटर तशीच धरून उभी. शेवटी एका रिक्षावाल्या काकांनी गाडी बाजूला घेतली आणि माझ्या फोनवरून नवऱ्याला बोलावलं.

हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं. सोडियम १२२, ते १३५च्या खाली जाता कामा नये. पोटॅशियम २.९, ते साडेतीनच्या वर हवं. ड्यूटीवरची डॉक्टर पंचविशीतली एक तरुणी होती. तिने बोटांवर हिशेब केला: मीठ बंद, रोज तासभर घाम, वर पाच लिटर साधं पाणी, रोज जुलाब आणि बीपीच्या गोळीतलं लघवीचं औषध. "मावशी, पाच नळ उघडे ठेवले होते तुम्ही." सोडियम एकदम वाढवूनही चालत नाही, मेंदूला धोका असतो, म्हणून सलाइन हळूहळू, दर काही तासांनी रक्त, दोन रात्री मुक्काम. सोनोग्राफीत पित्ताशय स्वच्छ. खडे तिथे कधी नव्हतेच.

जुलाब कशाने, हा प्रश्न माझ्या आईने सोडवला. ती अकोल्याहून आली, चहाच्या पुडीत नाक घातलं आणि म्हणाली, "बाई, ही तर सोनामुखी. पोट साफ होत नसलं तर एखाद्या रात्री द्यायचो आम्ही. रोज कोण पितं?" पुडीवर घटकांची यादी नव्हती, खाद्यपदार्थांवर असतो तो चौदा आकडी परवाना क्रमांकही नव्हता. फक्त हिरवं पान आणि '१००% नैसर्गिक'. आईने घरी गेल्या गेल्या कैरीचं पन्हं केलं. तिच्या हातचं पन्हं मीठ जरा जास्तीचं असतं, लहानपणी मी नाक मुरडायचे. उन्हातून आलेल्या माणसाला गूळ आणि मीठ द्यायचं हे अकोल्यातल्या कुठल्याही आजीला कळतं.

पैसे मागितले तेव्हा पहिलं उत्तर आलं, "तुम्ही वरण खाऊन प्रोटोकॉल तोडलात." दुसरं, हा कोचचा खासगी कार्यक्रम, स्टुडिओचा संबंध नाही. तिसरं, फुकट दोन महिने हॉट योगा घ्या. पुरावा शोधायला ग्रुप उघडला तर मेसेज गायब. सात दिवसांत आपोआप पुसले जातील अशी सेटिंग पहिल्यापासून होती. एका मैत्रिणीने गंमत म्हणून काढलेले स्क्रीनशॉट होते, त्यावर निभावलं. तुमच्या अशा एखाद्या ग्रुपवर ती सेटिंग दिसली तर त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढायला लागा आणि पैसे देणं थांबवा.

हाताशी आलं ते असं. डिस्चार्ज कार्डावर 'मीठविरहित डाएट, रेचक चहा, हॉट योगा' हा इतिहास डॉक्टरांकडून लिहून घेतला होता. ही एक गोष्ट मी धंद्याच्या सवयीने बरोबर केली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा स्टुडिओचा सूर जरा बदलला आणि पाय बुडवण्याचे ५,४०० परत आले. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. घटनेपासून दोन वर्षांपर्यंत करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ऑनलाइन भरता येते आणि वकील लागतोच असं नाही. पित्ताचे खडे, बीपी, मधुमेह, लठ्ठपणा यांवर हमखास इलाज म्हणून औषधाची जाहिरात करायला १९५४च्या कायद्याने बंदी आहे. त्यांचं पत्रक मी जपून ठेवलंय, त्यात हे चारही आहेत.

योगा चालू आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये, पंखा लावून, खिडक्या उघड्या टाकून. गोळी डॉक्टरांनी बदलून दिली.

श्रीखंडाची डबी फ्रीझरमध्ये आहे, उरलेल्या ३२ गोळ्यांसकट. आयोगापुढे लागेल म्हणून ठेवलीय. गेल्या महिन्यात पाहुण्यांचा मुलगा ती काढून चमचा शोधत होता, तेव्हापासून झाकणावर अण्णांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलीय: 'साबण. खाऊ नये.'