महालातले पडके वाडे आणि एक चालते कारंजे : रविवारच्या पदभ्रमंतीचा अनुभव

माझे माहेर नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतले, बडकस चौकाजवळचे. लग्न होईपर्यंतची बावीस वर्षे मी महालातच काढली, त्यामुळे महालातले वाडे पाहण्यासाठी पैसे भरून नाव नोंदवायचे हे मला सुरुवातीला पटले नव्हते. नातीने आग्रह धरला म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही दोघी गेलो. एक तरुण वास्तुविशारद आणि त्यांचे दोन सहकारी मिळून ही पदभ्रमंती चालवतात. सकाळी साडेसहाला सुरुवात, साडेनऊच्या सुमारास शेवट, माणशी ४०० रुपये आणि बारा वर्षांखालील मुलांना निम्मे शुल्क, असा हिशेब आहे. नोंदणी फोनवरूनच होते. उन्हाळ्यात फेऱ्या बंद असतात, आणि नागपूरचे ऊन पाहता ते योग्यच आहे.

भेटण्याची जागा गांधी गेट. आमच्या आजोबांच्या तोंडी कायम जुम्मा दरवाजा हेच नाव असे. गोंड राजा बख्त बुलंद शाहाने अठराव्या शतकाच्या आरंभी वसवलेले हे शहर, चांद सुलतानाने बांधलेला जुम्मा तलाव, पुढे आलेले भोसले, हा इतिहास दहा मिनिटांत आटोपण्यात आला. तो बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असतो, त्यामुळे ही घाई मला खटकली नाही.

खरी सुरुवात झाली ती नगारखान्यापाशी. भोसल्यांचा मूळ राजवाडा काळ्या पाषाणाचा होता आणि त्यावर लाकडी कोरीवकामाची रेलचेल होती. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी औरस वारस न ठेवता वारले, दुसऱ्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले, राजवाड्यातले जडजवाहीर आणि हत्तीघोडे लिलावात गेले आणि १८६४ मध्ये राजवाडाही आगीत भस्मसात झाला. उरले ते प्रवेशद्वार. लहानपणी या दरवाजाखालून मी हजार वेळा गेले असेन, पण या मागे एक जळालेले घर होते ही जाणीव मला कधी कोणी करून दिली नव्हती. ते काम या तरुणाने केले, आणि तेही मोठ्या शब्दांचा आधार न घेता. त्यांचे सांगणे एवढेच होते की पडक्या वास्तूपुढे उभे राहिल्यावर आधी भिंतीतल्या खाचा शोधाव्यात. ओळीने चौकोनी खाचा दिसल्या की तिथे तुळया होत्या, म्हणजे तिथे मजला होता. खाचांची दुसरी ओळ वर दिसली की दुसरा मजला. आणि खाचेभोवतीचा दगड काळवंडलेला असेल तर लाकूड कुजून पडले की जळून, याचाही अंदाज बांधता येतो. यानंतरच्या अडीच तासांत माझी नात प्रत्येक भिंतीपुढे थांबून मजले मोजत होती.

इथे एक तक्रार नोंदवते. हे सारे बोलणे भर रस्त्यात उभे राहून झाले. दुधाच्या गाड्या, सायकली, शिकवणीला निघालेली मुले यांच्या मधोमध बावीस माणसांचा घोळका उभा होता, आणि मागच्यांना निम्मेअधिक ऐकूच आले नाही. नोंदणीच्या वेळी पंधरापेक्षा जास्त माणसे घेत नाही असे सांगितले होते. तो शब्द पाळायला हवा होता.

पुढे गल्लीबोळांतून फिरत पाच वाडे पाहिले. त्यांतले दोन केवळ बाहेरून, कारण आत जाण्यात धोका आहे. एकाची देवडी आणि दिंडी दरवाजा शाबूत आहे, पण दरवाजाच्या आत थेट आकाश दिसते. वाडा नेमका कसा पडतो, हे त्यांनी ज्या क्रमाने समजावले तो भाग मला अतिशय आवडला. कौले फुटतात आणि वेळेवर शेकारली, म्हणजे उतरवून पुन्हा नीट बसवली, जात नाहीत. पावसाचे पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरते. बाहेरून भाजक्या विटा आणि आत मातीचा गाभा अशी भिंत ते पाणी पिऊन घेते. भिंतीत गेलेले तुळईचे टोक त्या ओलाव्याने आतल्या आत कुजते, वरून लाकूड धडधाकट दिसत असतानाच एका पावसाळ्यात मजला खाली येतो, आणि मजल्याचा आधार सुटलेली भिंत पुढच्या पावसाळ्यात बाहेर झुकते. चार भावांत वाटणी झालेल्या घरात कौले कोणी शेकारायची, हा प्रश्न सुटेपर्यंत दोन पावसाळे निघून जातात. आमच्या शेजारचा वाडा असाच गेला. त्याचे सुरूचे खांब आणि तक्तपोशी गाडीत भरून नेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते, आणि ते खांब पुन्हा कुठे उभे राहिले असतील याचा विचार अजून मनात येतो.

आता कारंज्याविषयी. माझ्या मते या फेरीचे मोल त्यातच आहे, आणि हा अभिप्राय लिहायला बसले तेही त्याच्यासाठी.

चौथा वाडा राहता आहे. मालकांनी नाव आणि पत्ता देऊ नये असे सांगितले, म्हणून देत नाही. पुढचा चौक आणि दक्षिणेकडचे घर उभे आहे, मागची बाजू ढासळलेली आहे. चौकाच्या मधोमध काळ्या दगडाचा अष्टकोनी हौद आहे, जेमतेम दीड फूट खोल. त्यात मध्यभागी दगडी कमळ आहे. आठ पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या टोकाला मुगाच्या दाण्याएवढे छिद्र, आणि मधल्या कर्णिकेतून वर आलेली अंगठ्याएवढी जाड तांब्याची तोटी. पाकळ्यांच्या शिरा इतक्या बारीक कोरल्या आहेत की बोट फिरवले तरच त्या कळतात. एका पाकळीचे टोक उडालेले आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा साठीचे काका उकिडवे बसून झाडूच्या काडीने एकेक छिद्र मोकळे करत होते. छिद्रांतून चुन्याचे पांढरे खडे निघत होते आणि ते काका एका वाटीत जमा करत होते.

माझी नात म्हणाली, "काका, याची मोटार कुठे आहे?"

"मोटार नाही बेटा. वर बघ."

वर, अर्धवट उरलेल्या पहिल्या मजल्याच्या भिंतीवर, एक दगडी टाके आहे. टाक्यातून निघालेला खापरी नळ भिंतीच्या आतून, चुन्यात बसवलेला, खाली जोत्यापर्यंत येतो आणि फरसबंदीखालून हौदात शिरतो. मधला सहा-सात फुटांचा नळ फुटला होता, तिथे या मंडळींनी प्लॅस्टिकचा पाइप टाकला आहे आणि तो झाकला नाही. उलट, येणाऱ्याला जुने कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते हे दिसावे म्हणून तेवढी फरशी उघडी ठेवली आहे. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला.

काकांनी टाक्याची लाकडी गुडदी, म्हणजे बूच, काढायला मुलाला वर पाठवले. आधी काहीच झाले नाही. मग नळातून हवा सुटल्याचा घोगरा आवाज आला, पाकळ्यांतून तांबूस गढूळ पाणी ठिबकले, आणि बघता बघता ते निवळून नऊही धारा एकदम उभ्या राहिल्या, मधली हातभर आणि बाजूच्या वीतभर. इतकेच. उंच उसळणारे, रंगीत दिव्यांचे कारंजे पाहायला सरावलेल्या डोळ्यांना हे किरकोळ वाटेल. पण त्या पडक्या चौकात ऊन नुकतेच उतरत होते, धारा हौदाच्या काठाच्या आतच वळून पडत होत्या, एकही थेंब फरशीवर येत नव्हता, आणि आत पोहोचलेली सगळी माणसे गप्प उभी होती.

मी तीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले. पाणी आपली पातळी गाठते, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही, पण ते इतक्या सुंदर रूपात पाहण्याचा योग पहिल्यांदाच आला. कारंज्याची धार टाक्यातल्या पाण्याच्या पातळीहून उंच कधीच जाऊ शकत नाही, आणि नळाच्या घर्षणात बरीच उंची खर्ची पडते, म्हणून टाके दहा फुटांवर असूनही धार हातभरच चढते. नळ रुंद आणि तोटीचे तोंड बारीक ठेवण्यामागे हेच गणित आहे: नळातून पाणी सावकाश यावे म्हणजे घर्षण कमी लागते, आणि उरलेला सगळा दाब तोटीपाशी कामी येतो. काकांनी नातीला हौदात उतरवून तीन पाकळ्यांवर बोटे ठेवायला सांगितले. तिने ती दाबताच उरलेल्या पाच पाकळ्यांच्या धारा चांगल्या चार बोटे वर चढल्या. बोटे काढली, धारा खाली. तिने हे सहा-सात वेळा केले आणि कोणीही तिला आवरले नाही.

पुण्याच्या शनिवारवाड्यातले हजारी कारंजे सवाई माधवरावांसाठी बांधले गेले. त्यात सोळा पाकळ्यांचे कमळ आणि शंभरावर तोट्या होत्या. शनिवारवाडाही १८२८ मध्ये जळाला, उरले ते तट, दरवाजे, जोती आणि कारंज्याचा पाया. पुणे शहरात कात्रजच्या तलावाचे पाणी नळातून खेळवले होते आणि वाटेत हवा निघून जाण्यासाठी उच्छ्वास बांधलेले होते. एवढ्या तोट्या एकाच वेळी चालवायच्या तर टाक्याची उंची आणि नळाची रुंदी किती अचूक साधावी लागत असेल, हे आठ पाकळ्यांवर बोटे ठेवून पाहिल्यावर मला खऱ्या अर्थाने कळले. आयोजकांनी त्या कारंज्याचे एक मोठे चित्र सोबत आणले होते आणि ते योग्य जागी, म्हणजे पाणी थांबल्यावर, दाखवले.

पाणी सात-आठ मिनिटे चालले. मग धारा एकेक करून बसल्या आणि वाड्यातल्या आजी ओसरीवर येऊन बसल्या. त्या नव्वदीच्या घरात आहेत. त्या सून म्हणून या घरात आल्या तेव्हा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कारंजे सुरू करण्याची रीत होती. बायका हौदाभोवती बसत, आंब्याची डाळ आणि पन्हे दिले जाई. "पण त्या अर्ध्या तासासाठी दोन गडी पहाटेपासून विहिरीचे पाणी ओढून वर नेऊन टाकत. एकाचा खांदा कायमचा गेला," असे त्यांनी सांगितले, आणि त्या गड्याचे नावही घेतले. वाड्यांच्या वैभवाविषयी बोलताना त्या पाणी ओढणाऱ्या माणसाचे नाव ज्यांना आठवते, त्यांच्याकडूनच हा इतिहास ऐकावा असे मला वाटले.

म्हणूनच त्याआधी आयोजकांच्या एका सहकाऱ्याने ऐकवलेली, कारंज्यात गुलाबपाणी सोडत असल्याची कथा मला रुचली नाही. पुरावा विचारला तेव्हा "असे सांगतात" एवढेच उत्तर मिळाले. तुळईच्या खाचा वाचायला शिकवणाऱ्यांना अशा कथांची गरज नाही. मी हे त्यांना तिथेच सांगितले आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

आणखी एक अडचण वयस्कांनी ध्यानात घ्यावी. तीन तासांच्या वाटेवर स्वच्छतागृहाची सोय नव्हती. आम्हाला वाड्यातल्या सूनबाईंनी आपणहून घरातले दाखवले, पण दर रविवारी त्यांच्यावर हा भार टाकणे बरोबर नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जिने चढण्याचा आग्रह धरू नये. टाके खालच्या चौकातूनही नीट दिसते. वाड्याच्या बोळात एका वेळी सहाच माणसे मावतात, त्यामुळे आमच्या मागच्या आठ-दहा जणांना पाणी सुरू झालेले दिसलेच नाही. त्यांच्यासाठी काकांनी टाके पुन्हा भरून दुसऱ्यांदा कारंजे चालवले, आणि त्यात पाऊण तास गेला. चूक आयोजकांची, कष्ट काकांचे.

शेवटचा टप्पा जुम्मा तलावाचा. तिथे फार काही सांगितले गेले नाही आणि मंडळीही थकली होती. तर्री पोहे शुल्कात धरलेले आहेत, ते गरम आणि उत्तम होते.

मिळालेल्या ४०० रुपयांतला ठरावीक वाटा त्या वाड्याच्या कौलांसाठी दिला जातो, असे आयोजकांनी सांगितले. काकांना विचारले तेव्हा त्यांनी दक्षिणेकडचे नव्याने शेकारलेले छप्पर दाखवले आणि यंदाच्या पावसाळ्यात त्या बाजूने एक थेंबही आत आला नाही, असे म्हणाले. मागच्या भिंतीचे काम फेब्रुवारीत सुरू होणार आहे. माझी धाकटी बहीण जानेवारीत मुंबईहून येते आहे. तिच्यासाठी आणि नातीसाठी मी दोन जागा नोंदवल्या आहेत, आणि गट पंधराचाच असेल ना, हे या वेळी दोनदा विचारून घेतले आहे.