व्हिडिओ कापायला कमांड लाइनवर काय बरं: हँडब्रेक की एफएफएमपेग?

कमांड लाइन म्हणजे बटणं न दाबता आज्ञा टाइप करून काम करून घेणं. तिथे चालणारे हे दोन्ही प्रोग्राम फुकट आहेत आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालतात. कुठलाही घेतलात तरी फसगत होणार नाही. चित्राच्या दर्जावरून वाद घालण्यातही फारसा अर्थ नाही. एफएफएमपेग फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलं, हँडब्रेक एरिक पेटी यांनी २००३ मध्ये. पण आजचं हँडब्रेक आतून एफएफएमपेगच्याच लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) वापरतं आणि एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीसाठी दोघंही एक्स२६४ या एन्कोडरलाच (व्हिडिओ दाबून फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामलाच) कामाला लावतात. सेटिंग सारखं ठेवून दोन्ही फायली शेजारी चालवल्या तर मला तरी फरक ओळखता आलेला नाही.

आधी हँडब्रेकचं जे चांगलं आहे ते. जुन्या लग्नाच्या किंवा नाटकाच्या डीव्हीडी घरात पडून असतील तर डोळे झाकून तेच घ्या. मुख्य टायटल कुठलं ते स्वतः शोधतं. आपल्याकडच्या पाल डीव्हीडीचं ७२० बाय ५७६ चं इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींनी साठवलेलं) चित्र ओळखून, हलत्या हाताच्या कडेला दिसणाऱ्या आडव्या रेघा काढून टाकतं. एफएफएमपेगमध्येही हे होतं, पण त्यासाठी फिल्टरचं नाव आपल्याला ठाऊक पाहिजे. दुसरं म्हणजे प्रीसेट, म्हणजे सेटिंगचा साठवलेला संच. हँडब्रेकच्या खिडकीत बसून एकदा मनासारखं जमवायचं, प्रीसेट फाइलमध्ये साठवायचं आणि कमांड लाइनला ती फाइल द्यायची, की संपलं. शिवाय एच.२६५ मध्ये (एच.२६४ च्या पुढच्या पिढीत) केलेली एमपी४ फाइल परदेशातल्या भाच्याच्या आयफोनवर मुकाट्याने उघडते. एफएफएमपेगने केलेली उघडत नाही, त्यात व्हिडिओचा प्रकार सांगणारा टॅग 'एचव्हीसी१' असा मुद्दाम लिहावा लागतो. या गोष्टी नवख्याला कोण सांगणार?

तरीही माझं रोजचं काम एफएफएमपेगवर गेलं, त्याला कारण एकच. हँडब्रेकला चित्राला हात न लावता काम करता येत नाही. आवाजाचा ट्रॅक ते जसाच्या तसा उचलतं, चित्र मात्र उलगडून पुन्हा एन्कोड करणारच, म्हणजे नव्याने दाबणारच. याला दोष म्हणवत नाही, त्याची घडणच तशी आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या मागण्या ऐका. दोन-अडीच तासांचं कीर्तन असतं आणि एखाद्या काकांना त्यातला पाच मिनिटांचा अभंग हवा असतो. हँडब्रेकला सुरुवात आणि लांबी सांगितली की लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागतो. तेही एक वेळ चाललं असतं. पण कॅमेऱ्याने आधीच दाबलेलं चित्र इथे पुन्हा दाबलं जातं. बुवांच्या फेट्याच्या चुण्या सपाट होतात, मागच्या काळ्या पडद्यावर चौकोन हलताना दिसतात. त्याच तुकड्यातून उद्या कोणी व्हॉट्सॲप स्टेटसपुरता तुकडा मागितला की पुन्हा तेच, आणखी एक पायरी खाली.

जोडण्याचंही तसंच. कॅमकॉर्डरचं कार्ड फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेलं असेल तर ४ जीबीच्या आत फाइल तोडावी लागते, म्हणून एकच कार्यक्रम तीन-चार फायलींत विखुरतो. हँडब्रेक त्या एकत्र करून देत नाही. एफएफएमपेगला फायलींची नावं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळीने लिहून दिली, 'कॉन्कॅट' (जोड) म्हटलं आणि 'सी कॉपी' (पुन्हा एन्कोड न करता जसंच्या तसं उचल) जोडलं, की डिस्कवरून डिस्कवर फाइल उतरवायला लागतो तेवढ्याच वेळात अख्खा कार्यक्रम सलग होतो. कापतानाही हाच 'सी कॉपी'. चहा टाकायलाही उठावं लागत नाही.

या सोयीची किंमत मात्र मोजावी लागते, ती आधीच सांगतो. कॉपी करताना काप कीफ्रेमवरच (मधूनमधून येणाऱ्या, स्वतःपुरत्या पूर्ण साठवलेल्या चित्रावरच) बसतो, तुम्ही सांगितलेल्या क्षणावर नाही. माझ्या फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये कीफ्रेम इतक्या जवळजवळ असतात की फरक जाणवत नाही. पण एक्स२६४ ने तयार केलेल्या फायलीत, काही वेगळं सांगितलं नसेल तर, दोन कीफ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर पडू शकतं. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर सरळ १० सेकंद! काही प्लेअरमध्ये मग सुरुवातीला चित्र गोठलेलं आणि आवाज पुढे, असा प्रकार होतो. मी थोडं आधीपासूनच कापतो. अभंगाआधीचा गजर थोडा जास्त आला म्हणून अजून कोणी तक्रार केलेली नाही. गॅदरिंगच्या नाचासारखं ठेक्यावर कापायचं असेल तर 'सी कॉपी' काढून टाकायचं, मग एफएफएमपेगही पुन्हा एन्कोड करतं आणि काप अचूक बसतो. तेवढ्यापुरते दोघं बरोबरीचे.

वेळ देण्याची पद्धत दोन्हीकडे सारखीच चकवते. हँडब्रेकमध्ये शेवटाचा आकडा तुकड्याच्या सुरुवातीपासून मोजला जातो. एफएफएमपेगमध्ये 'एसएस' (सुरुवातीची वेळ) इनपुट फाइलच्या नावाआधी आणि 'टू' (शेवटाची वेळ) नंतर लिहिलंत तरी तेच होतं, पाच मिनिटांच्या जागी पाऊण तास हातात पडतो. दोन्ही इनपुटच्या आधी लिहा, नाहीतर सरळ 'टी' वापरून लांबी द्या.

माझ्या कामाचं स्वरूप कापा-जोडाचं आहे म्हणून माझं झुकतं माप एफएफएमपेगला, हे उघडच आहे. ज्यांचं काम शंभर डीव्हीडी एका साच्यातून काढायचं आहे, त्यांनी माझं ऐकू नये. आणि अख्खा फोल्डर शेलच्या लूपमध्ये (एकेका फायलीवर तीच कमांड आपोआप चालवणाऱ्या आज्ञेत) टाकणार असाल तर एक काळजी घ्या. फायलींची यादी ओळीओळीने वाचणारा लूप असला की हे दोन्ही प्रोग्राम ती यादीच इनपुट समजून खायला लागतात. पहिली फाइल नीट होते आणि पुढे एकतर सगळं थांबतं, किंवा दुसऱ्या नावाची पहिली अक्षरं गायब होऊन 'अशी फाइल नाही' असा संदेश येतो. एफएफएमपेगला 'नोएसटीडीइन' (बाहेरून काही वाचू नको) सांगायचं, हँडब्रेकचं इनपुट 'डेव्ह नल'कडे (लिनक्स-मॅकवरच्या रिकाम्या फायलीकडे) वळवायचं.