१८९० चा कायदा की १९६० चा? बैलाच्या बाजूनं पाहू
पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी चालते, हळद-तूप लावतात, अन् तेव्हाच आमच्या इतवारीतल्या चहाच्या टपरीवर वाद निघाला की प्राण्यांवरची क्रूरता रोखणारा इंग्रजांचा १८९० चा कायदा बरा की आपला १९६० चा.

१८९० च्या कायद्यात मारहाण, जास्त ओझं हे गुन्हे होतेच, पण मुख्य कलम रस्त्यावर किंवा लोकांना दिसेल अशा जागी केलेल्या क्रूरतेपुरतं. म्हणजे घरामागं गोठ्यात बैलाला बदडलं तर बहुतेक सुटका! १९६० च्या कायद्यात ती जागेची अट नाही, उपाशी ठेवणं, आखूड दोरीनं बांधून ठेवणं हेही गुन्ह्यात घेतलं, त्यामागं राज्यसभेतल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा मोठा जोर, १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळही आलं. इथं नवा कायदा सरळ जिंकतो.

पण दंड बघा राजेहो. मूळ जुन्यात १०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, नव्यात पहिल्या गुन्ह्याला कलम ११ मध्ये १० ते ५० रुपये, कैद नाहीच! सत्तर वर्षांनी दंड अर्धा, आज तर ही रक्कम अगदीच किरकोळ. माझं मत, व्याख्या १९६० ची घ्या अन् दंड नवा लिहा.