दाराची बेल, जीपीएस घड्याळ आणि गेटपासमधलं कार्ड

घरातलं माणूस डिमेन्शियामुळे न सांगता बाहेर पडायला लागलं की नेमकं काय विकत घ्यावं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आता तीन वस्तू वापरून झाल्यात, म्हणून लिहिते. ब्रँडची नावं देत नाही. एकसारखा दिसणारा माल वेगवेगळ्या नावांनी मिळतो. वस्तू कशी चालते ते कळलं की दुकानात नीट विचारता येतं.

आमची परिस्थिती आधी सांगते, कारण निवड त्यावरच ठरते. कोपरखैरण्याला सिडकोच्या इमारतीत आम्ही दोघंच राहतो. मुलगा-सून टोरांटोला, दीर-जाऊबाई पाटण तालुक्यात, माझं माहेर कराडजवळ. मी घरी फॉल-पिकोची कामं घेते. ह्यांना अल्झायमर आहे, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत ह्यांनी आयुष्यभर शिफ्ट केली. ती कंपनी कधीच बंद पडली, तरी पहाटे साडेचार-पाचला उठून हे फर्स्ट शिफ्टला निघतात. शर्ट-पँट घालतात, गळ्यात जुना गेटपास अडकवतात आणि कडी काढतात. एका बाजूला हायवेसारखा रस्ता आणि रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला खाडी. मला झोप लागलेली असते.

बाहेरून कुलूप लावा, असं जवळजवळ प्रत्येकाने सुचवलं. मी लावत नाही. आतून कुलूप लावून किल्ली लपवली तरी हे दार धडाधड वाजवतात, ‘हजेरी कापतील गं’ म्हणून रडकुंडीला येतात आणि दिवसभर घुश्शात राहतात. शिवाय रात्री गॅसचं किंवा शॉर्टसर्किटचं काही झालं, तर अंधारात किल्ली कुठे शोधणार? ह्यांना कोंडून ठेवायचंच नव्हतं. हे उठले की मला कळावं, एवढंच हवं होतं.

त्यासाठी सगळ्यात आधी घ्यावी अशी वस्तू म्हणजे दाराचा सेन्सर. दोन छोटे तुकडे असतात. एकात चुंबक, दुसऱ्यात स्विच. एक दाराच्या पाखीवर लावायचा, दुसरा चौकटीवर. दार उघडून दोघांत दीड-दोन सेंटीमीटर अंतर पडलं की आवाज होतो. सगळ्यात स्वस्त जोडी दोन-तीनशे रुपयांत मिळते, पण ती घेऊ नका, असं मी मनापासून सांगेन. तिच्यात आवाज दारावरच होतो आणि तो चोर पळवायचा भोंगा असतो. पहिल्या पहाटे तो वाजला तेव्हा हे कान दाबून खालीच बसले. कंपनीत गॅसगळतीचा सायरन झाला असं वाटलं असणार, कारण ‘तोंडाला ओला रुमाल लाव’ असं मला सांगत होते. आजारी माणसाला इतकं घाबरवणारी वस्तू घरात नको.

मी आता वापरते ती जोडी बिनतारी आहे. दारावर फक्त सेन्सर, आवाज करणारा डबा वेगळा. तो माझ्या उशाजवळच्या सॉकेटमध्ये लावलाय. मंद ‘टिंग-टाँग’ वाजतं, ह्यांना ऐकूही जात नाही. किंमत हजाराच्या आसपास. आवाज कमी-जास्त करता येतो आणि सूर बदलता येतो, हे विकत घेताना तपासून घ्या. सूर घरच्या बेलपेक्षा वेगळा ठेवा, नाहीतर दूधवाला आला की काळजात धस्स होतं.

बसवताना एक अडचण आली, ती आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये येईल. बाहेरचं सेफ्टी डोअर लोखंडी असतं. चुंबक थेट लोखंडावर चिकटवला की त्याचा जोर लोखंडातच जिरतो आणि दार बंद असतानाही सेन्सरला ते उघडंच वाटतं. आतल्या लाकडी दाराला लावा. लोखंडी दारालाच लावायचा असेल तर मध्ये लाकडाची पट्टी घाला. सोबत येणारी चिकटपट्टी आमच्याकडच्या पावसाळी दमटपणात टिकली नाही. सुताराला बोलावून बारीक स्क्रू मारून घेतले. आणि लावा चौकटीच्या वरच्या टोकाला. डोळ्यासमोर असलेली नवी वस्तू हे काढून खिशात ठेवतात.

टिंग-टाँग झालं की मी चप्पल घालून ह्यांच्याबरोबर निघते. अडवत नाही. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा होतो, कधी निसर्ग उद्यानापर्यंत चालणं होतं, आणि उजाडलं की ‘चला, सुटली शिफ्ट’ म्हटलं की हे निमूट घरी येतात. मी जागी असले तर बाहेर जाण्यात धोका काहीच नाही, उलट त्या दिवशी हे जेवतातही चांगलं.

जीपीएस घड्याळाने मात्र निराशा केली. मुलाने हौसेने साडेचार हजारांचं मागवलं. साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढी माणसं असूनही दुकानात मागितलं की लहान मुलांची, कार्टूनच्या पट्ट्याची घड्याळंच समोर ठेवतात. आमचं त्यातल्या त्यात साधं होतं. पण ह्यांच्या मनगटावर लग्नापासून किल्लीचं एचएमटी आहे. रोज सकाळी किल्ली देणं हे एक काम अजून चुकत नाही. ते काढून रबरी घड्याळ बांधलं की ‘हे माझं नाही, ज्याचं आहे त्याला देऊन टाक’ म्हणतात. उजव्या हाताला बांधून पाहिलं, तर पाणी प्यायला हात वर केला की लक्ष जातं आणि पट्टा निघतो. रोज चार्ज करावं लागतं ते वेगळंच. तुमच्या माणसाला घड्याळाची सवय नसेल किंवा काहीही चालत असेल तर कदाचित जमेल. आमच्याकडे नाही जमलं.

मग लक्षात आलं की एक वस्तू अशी आहे जी घेतल्याशिवाय हे उंबरा ओलांडत नाहीत. गेटपास. तो सांगावा लागत नाही, आठवण करावी लागत नाही. म्हणून कार्डाच्या आकाराचा जीपीएस ट्रॅकर घेतला. एटीएम कार्डाएवढाच, जाडीला तीन-चार कार्डं एकावर एक ठेवल्यासारखा. त्यात सिम असतं. मी रेक्झिनचं दोन कप्प्यांचं पाकीट शिवलं. पुढे ह्यांचा फोटोचा पास, मागे ट्रॅकर, आणि दोन्हींमध्ये चिठ्ठी: ‘मला विसरायला होतं. कृपया या नंबरवर फोन करा.’ खाली माझा मोबाईल नंबर, ठसठशीत. ह्यांना वजनातला फरक कळला नाही.

सिम घेताना सांभाळा. स्वस्त ट्रॅकर बऱ्याचदा फक्त टूजीवर चालतात, आणि जिओचं नेटवर्क टूजी नाही. अशा ट्रॅकरला जिओचं सिम चालणार नाही. फोरजीचाच घ्या. रिचार्ज संपला की ट्रॅकर मुका होतो, म्हणून वर्षाचा प्लॅन एकदम टाकलेला बरा. किल्लीला लावायचे ब्लूटूथ टॅगही दुकानदार दाखवतात. ते जवळून जाणाऱ्या दुसऱ्यांच्या फोनच्या आधाराने जागा सांगतात. पहाटे पाचला खाडीकडच्या रस्त्यावर फोन घेऊन कोण जात असतं? माणसासाठी ते नकोत.

ॲपमध्ये घराभोवती हद्द आखता येते. ती ओलांडली की फोनवर सूचना येते, माझ्याही आणि मुलाच्याही. आमच्या पहाटे पाचला टोरांटोत आदल्या संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, त्यांच्या हिवाळ्यात साडेसहा. म्हणजे मी गाढ झोपेत असते त्या वेळी तो टक्क जागा असतो. टिंग-टाँग मला ऐकू गेलं नाही तर त्याचा फोन येतो: “आई, बाबा खाली उतरले बघ, सेक्टरच्या बागेकडे वळलेत.” इतकी वर्षं तो फक्त ‘कसे आहेत बाबा’ विचारू शकत होता आणि माझं उत्तर ऐकून गप्प व्हायचा. आता वडिलांच्या राखणीत त्याचा रोजचा वाटा आहे, आणि तो त्याला हवाच होता. मला रात्री पाठ टेकताना वाटतं की घरात तिसरं माणूस आहे. या कार्डाला मी पैकीच्या पैकी मार्क देते ते यासाठी.

हद्द मात्र फार तंग आखू नका. इमारतीच्या आत जीपीएसला आकाश दिसत नाही, मग जागा इकडेतिकडे सरकते. सुरुवातीला शंभर मीटर ठेवली होती, तर हे शेजारी घोरत असताना ॲपवर पुढच्या सेक्टरमध्ये! मुलगा तिकडे पांढराफटक. आता तीनशे मीटर आहे, खोट्या सूचना जवळपास थांबल्या.

क्यूआर कोडचं लॉकेट मी घेतलं नाही. रस्त्यावरचा माणूस क्यूआर पाहिला की पैसे भरायचा समजतो, आणि स्कॅन करून बघायला त्याला आधी सुचलं पाहिजे. नंबर सरळ डोळ्यांना दिसावा. शर्टांच्या कॉलरखाली मी तो दोऱ्यानेही भरून ठेवलाय, पाकीट कुठे पडलंच तर.

कुठलंही साधन कधी तरी दगा देणार, म्हणून ह्यांचा अलीकडचा फोटो फोनमध्ये वेगळा काढून ठेवलाय. माणूस दिसेनासं झालं तर लगेच ११२ लावा. तक्रारीसाठी चोवीस तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे, पोलीस ताबडतोब नोंद घेऊ शकतात. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाईन सकाळी आठ ते रात्री आठ चालते. माहिती आणि बोलायला माणूस हवं असेल तेव्हा उपयोगी.

सेन्सरबद्दल एक तक्रार राहिली. उशाजवळचा डबा विजेवर चालतो, वीज गेली की बंद. मेमध्ये पहाटे लाईट गेली तेव्हा फक्त कार्डाच्या भरवशावर होते. सेलवर चालणारा डबा वेगळा मिळतो, तोच जुन्या सेन्सरशी जुळतो का ते वाशीच्या दुकानदाराने बघून सांगतो म्हटलंय. जुळला तर इथेच खाली लिहीन.