लातूरची दहा किलोमीटर दौड : पुढच्यांसाठी चोख, मागच्यांसाठी कोरडी

साडेसात किलोमीटरच्या टेबलाशी पोचलो तेव्हा पाणी संपलेलं होतं. टेबल होतं, त्यावरची निळी चादर होती आणि रिकामे खोके मोडून एकावर एक रचणारा एक पोरगा होता. ‘काका, संपलं हो,’ म्हणाला आणि मान खाली घातली त्यानं. त्याचा काय दोष?

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आमच्या लातुरात झालेल्या दौडीबद्दल लिहितोय. आयोजकांचं नाव घेत नाही, पण हे सगळं त्यांच्या कानावर घातलेलं आहे. मी आडतीवर मुनीम आहे, वय 51. दिवसभर गादीवर बसून तूर-सोयाबीनच्या पट्ट्या लिहायच्या, हिशेब जुळवायचे. दोन वर्षांपूर्वी साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला लावलं आणि चालता चालता मी पळायला लागलो. पाच किलोमीटर तीनदा पळालो होतो. दहा ही पहिलीच वेळ.

700 रुपये फी होती आणि सुरुवातीची व्यवस्था बघून वाटलं, पैसे वसूल. आदल्या दिवशी बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला दहा मिनिटंही लागली नाहीत. टी-शर्ट मापाचा निघाला, कापडही घाम धरून न बसणारं. बिबच्या मागे वेळ नोंदवणारी चिप चिकटवलेली असते, ती दुमडायची नाही, हे तिथल्या ताईंनी प्रत्येकाला हातात धरून दाखवलं. चौकाचौकात पोलीस होते. शिवाजी चौकातल्या हवालदारानं तर माझ्या एकट्यासाठी दोन ट्रॅव्हल्स थांबवून धरल्या. हे मी विसरणार नाही.

साडेसहाला दौड सुटली. औसा रोडवरून शिवाजी चौक, गांधी चौक, गोलाईला वळसा आणि त्याच वाटेनं परत. पहिल्याच किलोमीटरला माझं चुकलं. सराव आठ मिनिटांना किलोमीटरचा, आणि गर्दीच्या भरात सव्वासहा मिनिटांत गेलो. तिसऱ्या किलोमीटरला उजव्या कुशीत अशी कळ आली की वाकून उभं राहावं लागलं. श्वास लांब सोडत, मुठीनं कूस दाबून धरत गोलाई गाठली. एरवी तिथं हातगाड्यांतून अंग चोरत वाट काढावी लागते. त्या सकाळी सगळं मोकळं होतं, दुकानांची शटरं खाली आणि मधल्या जगदंबेच्या देवळात घंटा वाजत होती. सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात ती ही जागा, लहानपणापासून बघतोय, पण तिला पळत वळसा कधी घातला नव्हता. तेवढा वेळ कळ विसरलो.

खरा त्रास परतीच्या वाटेवर. सहा किलोमीटर झाले, ऊन वर आलं, मांड्या दगड झाल्या. गांधी चौकाच्या पुढे आमच्याच आडतीवरचे दोघे हमाल चहाला उभे होते. मी थांबून दुकानाच्या पायरीवर टेकणार, एवढ्यात त्यांच्यातला थोरला ओरडला, ‘मुनीमजी, बसू नका! बसलात की पाय धरतील. चाला, पण बसू नका.’ पन्नास किलोचा कट्टा पाठीवर घेऊन दिवसभर खेपा करणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर ऐकलं. पन्नास पावलं पळायचं, पन्नास चालायचं, असं मोजत त्या टेबलापर्यंत आलो, आणि तिथं पाणी नाही.

पाणी रस्त्यावर होतं. सीलबंद छोट्या बाटल्या वाटल्या होत्या. पुढच्यांनी झाकण फोडलं, दोन घोट घेतले आणि बाटली टाकून दिली. टेबलापासून शंभरेक पावलांपर्यंत अर्ध्या, पाऊण भरलेल्या बाटल्या दुभाजकाला लागून लोळत होत्या. एकीचं झाकण नीट लागलं नव्हतं, तिच्यातून बारीक धार डांबरावर येत होती आणि धुळीत जिरत होती. घसा कोरडा पडलेला असताना ते बघत पुढं जाणं मला फार जड गेलं.

हे लातूर आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं इथं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली होती. त्या उन्हाळ्यात माझी बायको रात्री दोनला घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहायची आणि मी पहाटे तिला सोडवायला जायचो. अशा गावात पुढच्यानं अर्धी बाटली ओतायची आणि मागच्यानं कोरडं जायचं, हे मला पटत नाही. जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमांतही रस्त्यावरच्या शर्यतीत साधारण दर पाच किलोमीटरवर पाणी ठेवायला सांगितलंय, आणि हवा तशी असेल तर त्याहूनही कमी अंतरावर ठेवता येतं. ते सगळ्यांत शेवटी येणाऱ्यालाही मिळायला पाहिजे ना?

शेवटचा दीड किलोमीटर नर्सिंगची एक विद्यार्थिनी, स्वयंसेवकाचं जाकीट घातलेली, माझ्या सोबतीनं चालली. तिच्या पिशवीतली स्वतःची बाटली तिनं मला दिली. ‘मामा, घोट घोट घ्या, एकदम नको.’ तिला शंभरपैकी शंभर.

1 तास 32 मिनिटांनी पोचलो. पत्रकावर छापलेली मुदत पावणेदोन तासांची, तरी चिप वाचणारी पट्टी गुंडाळून टेम्पोत टाकलेली होती. निकालात माझ्या बिबपुढे वेळ नाही, आहे ती फक्त माझ्या मोबाईलवर. पदक मिळालं. नाश्त्याला सुशीला, म्हणजे भिजवून फोडणीला टाकलेले मुरमुरे, होती, तीही तळाशी आलेली, पण वाढणाऱ्या मावशींनी पातेलं खरवडून शेंगदाण्यांसकट वाटी भरली आणि वर लिंबू पिळलं. इतकी चवदार सुशीला मी बऱ्याच दिवसांत खाल्ली नाही.

पाचपैकी तीन तारे देतोय. पुढच्या वर्षीही नाव नोंदवणार आहे. आयोजकांना एकच विनंती : साडेसात किलोमीटरला बाटल्यांऐवजी पाणपोई लावू द्या. दोन रांजण आणि वीस पेले द्यायला आमचे शेठ तयार आहेत, आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत तिथं थांबायला ते दोघे हमालही. फक्त जागा तेवढी ठरवून सांगा.