एचएसव्ही-२ चा रिपोर्ट काठावर आला: पुन्हा तीच चाचणी, वेगळी चाचणी की स्वॅब?

लग्नाआधीच्या तपासण्या, हेल्थ चेकअपचं पॅकेज, गरोदरपणातली टॉर्च चाचणी (बाळाला धोका पोहोचवू शकणाऱ्या काही संसर्गांची एकत्रित तपासणी). हर्पिससाठी, म्हणजे एचएसव्ही या विषाणूसाठी, रक्त तपासलं जातं ते आपल्याकडे अनेकदा अशा कारणांनी, अंगावर एकही फोड नसताना. मग रिपोर्टवर छापून येतं, ‘एचएसव्ही-२ आयजीजी १.६, पॉझिटिव्ह’. ज्याला कधीच काही त्रास झाला नाही त्याच्या हातात हा कागद पडला की पहिला विचार आजाराचा नसतो, जोडीदाराचा असतो. कुणाकडून आलं, कधी आलं, घरी काय सांगायचं. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवं: १.६ हा आकडा म्हणजे निदान नव्हे. त्यावरून कुणावर आरोप करू नका आणि स्वतःलाही दोषी धरू नका. आधी पुढची चाचणी कोणती, ते ठरवू.

आयजीजी चाचणी विषाणू शोधत नाही, विषाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) शोधते. हर्पिस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार आहेत. एचएसव्ही-१ प्रामुख्यानं ओठांवर फोड आणतो आणि पुष्कळांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांमध्ये तो आहे. एचएसव्ही-२ मुख्यतः जननेंद्रियांवर येतो. १५ ते ४९ वयोगटात त्याचं प्रमाण सुमारे १३ टक्के. (नागीण हा तिसऱ्याच विषाणूचा आजार, कांजिण्यांच्या. या रिपोर्टशी तिचा काही संबंध नाही.) दोन्ही एचएसव्हींची बरीचशी प्रथिनं इतकी सारखी आहेत की त्यांच्यात फरक करायला चाचणीला ‘ग्लायकोप्रोटीन जी’ या एकाच प्रथिनाचा आधार घ्यावा लागतो. तरीही घोळ होतो, आणि शरीरात एचएसव्ही-१ ची प्रतिपिंडं असतील तर एचएसव्ही-२ चा रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येण्याची शक्यता वाढते.

इंडेक्समध्ये, म्हणजे एकक नसलेल्या नुसत्या आकड्यात, निकाल देणाऱ्या प्रचलित एलायझा आयजीजी चाचणीत ०.९० च्या खाली निगेटिव्ह, ०.९० ते १.१० संदिग्ध आणि १.१० च्या वर पॉझिटिव्ह असं धरतात. खरी अडचण १.१ ते ३.० या पट्ट्यात आहे. अमेरिकेच्या सीडीसीनं (तिथल्या रोग नियंत्रण संस्थेनं) २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलं आहे की इतक्या कमी आकड्याचा पॉझिटिव्ह निकाल दुसऱ्या पद्धतीच्या चाचणीनं पक्का केल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये. त्यात उद्धृत केलेल्या तुलनेत या चाचणीची विशिष्टता (संसर्ग नसलेल्याला बरोबर निगेटिव्ह म्हणण्याचं प्रमाण) १.१ ते २.९ दरम्यान फक्त ३९.८ टक्के भरली, ३.० किंवा त्याहून जास्त आकड्याला ती ७८.६ टक्के होती. म्हणजे आकडा मोठा असला तरी शंकेला थोडी जागा उरतेच, पण लहान आकड्यावर तर विसंबताच येत नाही.

एक सावधगिरी इथेच. तुमच्या लॅबनं निकाल इंडेक्समध्ये न देता दुसऱ्या एककात दिला असेल, तर वरची मोजपट्टी त्याला लावू नका. त्या रिपोर्टच्या उजवीकडे छापलेली मर्यादा पाहा. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून ‘वाढलं की कमी झालं’ हे ठरवता येत नाही.

आता पर्याय. पहिला आयजीएम, म्हणजे संसर्गानंतर आधी तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची चाचणी, कारण तो सर्वांत सहज हाती येतो आणि सर्वांत निरुपयोगी आहे. ‘आयजीएम म्हणजे ताजा संसर्ग’ हा समज इतर काही आजारांवरून आलाय. हर्पिसमध्ये जुना संसर्ग पुन्हा उसळला तरी आयजीएम पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि तो प्रकार १ व २ वेगळे सांगत नाही. सीडीसी तो करूच नका असं सांगते. तरीही टॉर्च पॅनेलमध्ये तो असतो आणि त्या एका ओळीवरून गरोदर बाईला महिनोन्महिने भीतीत काढावे लागतात, याचं मला फार वाईट वाटतं. पॅकेजमध्ये आयजीएम आलाच असेल तर त्यावर काही ठरवू नका, आणि दुसरं मत म्हणून तर तो मुळीच करू नका.

दुसरा पर्याय तीच आयजीजी चाचणी पुन्हा करण्याचा. इथे उत्तर एका तारखेवर अवलंबून आहे: शंकास्पद संबंध कधी आला होता? प्रतिपिंडं मोजण्याइतकी तयार व्हायला काही आठवडे लागतात, बारा आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते. पहिलं रक्त त्याआधी दिलं असेल, तर बारा आठवडे पूर्ण झाल्यावर त्याच लॅबमध्ये, त्याच किटवर पुन्हा तपासणं अर्थपूर्ण आहे. १.६ चे ४ किंवा ५ झाले तर संसर्ग खरा असण्याची शक्यता बरीच वाढते. पण जिथे शेवटचा संबंध वर्षापूर्वीचा किंवा जोडीदार वर्षानुवर्षं एकच, तिथे तीच चाचणी पुन्हा करून फारसं हाती लागत नाही. ज्या प्रतिपिंडांनी पहिल्यांदा फसवलं ती पुढच्या महिन्यातही रक्तात असतातच. पुन्हा १.५ येईल आणि तुम्ही होता तिथेच राहाल.

अशा माणसानं तिसऱ्या पर्यायाकडे वळावं: वेगळ्या पद्धतीची चाचणी. यात सर्वांत विश्वासार्ह मानली जाते ती अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातली वेस्टर्न ब्लॉट. ती एका प्रथिनावर थांबत नाही; विषाणूची अनेक प्रथिनं पट्टीवर वेगळी करून कोणकोणत्या रेघा उमटतात ते पाहते, म्हणून एचएसव्ही-१ मुळे झालेला घोळ तिथे उलगडतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी ती सध्या होते का हे डॉक्टरांना नाव घेऊन विचारावं, कारण नेहमीच्या ऑर्डरमध्ये ती येत नाही. पुण्या-मुंबईत किंवा नाशकात राहणाऱ्याला मात्र जवळच्या कलेक्शन सेंटरच्या यादीत ती सापडेल अशी आशा ठेवता येत नाही. त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांकडून मोठ्या रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात विचारणा करावी: टाइप-विशिष्ट (प्रकार १ व २ वेगळे सांगणारी) इम्युनोब्लॉट, म्हणजे वेस्टर्न ब्लॉटसारखी पट्टीवरची चाचणी, होते का, किंवा निदान वेगळ्या कंपनीच्या, वेगळ्या तत्त्वावरच्या किटवर तपासता येईल का? दोन भिन्न पद्धतींनी एकच उत्तर दिलं तर त्याला वजन येतं. परस्परविरोधी उत्तरं आली आणि लक्षणं कधीच नव्हती, तर मी पॉझिटिव्हपेक्षा निगेटिव्हवर जास्त भरवसा ठेवेन.

असं का, ते एका काल्पनिक हिशेबातून दिसेल. समजा लक्षणं नसलेल्या १००० जणांपैकी ५० जणांना खरोखर एचएसव्ही-२ आहे. चाचणी त्यातले ४६ पकडते. उरलेल्या ९५० पैकी ती शंभरात फक्त पाच जणांना चुकीचं पॉझिटिव्ह म्हणते असं धरू, म्हणजे सुमारे ४७ जण. एकूण ९३ पॉझिटिव्ह, त्यातले निम्मे खोटे. आणि तेही चाचणी चांगली धरून. अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कार्यदलानं लक्षणं नसलेल्यांची सरसकट हर्पिस रक्ततपासणी करू नये असं २०१६ मध्ये सांगितलं आणि २०२३ मध्ये तेच कायम ठेवलं, त्यामागे हाच विचार मोठा आहे.

फोड किंवा जखम असेल तर मात्र सगळं बदलतं. तेव्हा रक्त राहू द्या, आधी स्वॅब. ताज्या फोडाच्या तळाशी घासून घेतलेला नमुना पीसीआरला गेला तर विषाणू आहे की नाही, कोणत्या प्रकारचा आहे आणि तो त्याच जागी आहे, ही तिन्ही उत्तरं एकदम मिळतात. जागेचा प्रश्न रक्त कधीच सोडवत नाही: एचएसव्ही-१ पॉझिटिव्ह असणारा माणूस तो ओठावरचा की खालचा हे रिपोर्टवरून सांगू शकत नाही. खपली धरल्यावर नमुना घेण्यात अर्थ कमी, म्हणून फोड दिसल्यापासून एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठा. स्वॅब निगेटिव्ह आला म्हणून हर्पिस नाहीच असं ठरत नाही. पॉझिटिव्ह आला तर मात्र तो आहेच. काही ठिकाणी अजून झँक स्मीअर करतात, म्हणजे फोडातल्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तो स्वस्त आणि झटपट होतो, पण प्रकार सांगत नाही आणि बरेच खरे संसर्ग त्यातून निसटतात. पीसीआर परवडत असेल तर तोच करा.

पैसे नसतील तर सरकारी रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात जा. तिथे जखम पाहून लक्षणांवरून उपचार करतात. हर्पिसच्या जखमेसाठी अॅसायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाचं लाल किट आहे, मोफत. समुपदेशकही असतो, आणि जोडीदाराला काय व कसं सांगायचं यावर त्याच्याशी नक्की बोला.

चौथा पर्याय काहीच न करण्याचा, आणि तो कमी प्रतीचा मुळीच नाही. लक्षणं नाहीत, आकडा १.३, जोडीदार जुना आणि तोही ठणठणीत. अशा जोडप्यानं डॉक्टरांशी एकदा नीट बोलून, पुढे कधी फोड आलाच तर स्वॅब करायचा एवढं ठरवून थांबलं तर ते मला शहाणपणाचं वाटतं. नवं नातं सुरू होत असेल तर मात्र थांबू नका, खात्री करून घ्या. तोवर कंडोम वापरा. संसर्ग खरा ठरलाच, तरी जोडीदाराला तो होण्याचा धोका रोज घ्यायच्या विषाणूविरोधी गोळ्यांनी बराच कमी करता येतो.

गरोदर असाल तर निकष वेगळा. बाळाला सर्वाधिक धोका असतो तो आईला प्रसूतीच्या तोंडावर पहिल्यांदाच संसर्ग झाला तर. तेव्हा बाळापर्यंत पोहोचण्याचं प्रमाण ३० ते ५० टक्के आहे. जुना संसर्ग असलेल्या आईमध्ये ते एक टक्क्याहूनही कमी. म्हणून नुसत्या आयजीजी पॉझिटिव्ह रिपोर्टवरून सिझेरियन ठरत नाही. कळा सुरू होताना फोड किंवा ते येण्याआधीची जळजळ आहे का, यावरून ठरतं. जोडीदाराला हर्पिस आहे आणि तुम्हाला नाही अशी स्थिती असेल, तर हे प्रसूतितज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा आणि शेवटचे तीन महिने संबंध टाळा, तोंडाने होणारे संबंधही.

लॅबमध्ये जाताना चिठ्ठीवर ‘एचएसव्ही’ एवढंच लिहिलेलं असेल तर डॉक्टरांकडून ते बदलून घ्या: एचएसव्ही-१ आणि एचएसव्ही-२ आयजीजी, दोन्ही वेगवेगळे, टाइप-विशिष्ट, निकाल आकड्यात. काही लॅब ‘१ व २’ एकत्र तपासून एकच पॉझिटिव्ह देतात, आणि लहानपणी ओठावर फोड येऊन गेलेल्या माणसाला तो रिपोर्ट काहीही नवं सांगत नाही.