डोमेनचं गिऱ्हाईक आधी सर्टिफिकेट मागतंय?

गोव्यात मोपाला विमानतळ होणार म्हटल्यावर मी आणि माझ्या मावसभावाने मोपाच्या नावाची दोन डोमेनं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, घेऊन ठेवली, एक डॉट कॉम, एक डॉट इन. जानेवारी 2023 मध्ये विमानं उतरू लागली आणि पेडण्यात टॅक्सीवाल्यापासून होमस्टेवाल्यापर्यंत सगळ्यांना वेबसाइट हवी झाली. त्याच सुमारास एका ‘गुंतवणूकदारा’ची इंग्रजी मेल आली: डॉट कॉमचे साडेचार लाख देतो.

आकडा काही अशक्य नव्हता. जागेच्या नावाला भाव येतोच. वेगास डॉट कॉमचा 2005 मधला सौदा नऊ कोटी डॉलरपर्यंतचा होता, तोही हप्त्यांनी. शिवाय या बाबाने घासाघीस करून भाव चारावर आणला. लुबाडायला आलेला माणूस भाव कशाला पाडेल?

मग अट आली. भागीदारांना मूल्यांकनाचं सर्टिफिकेट हवं, आणि तेही तज्ज्ञाने केलेलं. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, साइटवर फुकट मिळतं ते चालणार नाही. कुठून घ्यायचं, हे त्याने स्वतःहून सांगितलं नाही. आम्ही विचारल्यावर एका प्रश्नोत्तरांच्या पानाचा दुवा पाठवला, तिथे दोघातिघांनी एकाच साइटचं गुणगान केलेलं. आठ हजार भरले. झकपक पीडीएफ आली, किंमत पाच लाख! लगेच दुसरी मागणी: नावावर कुणाचा ट्रेडमार्क नसल्याचं सर्टिफिकेट, साडेसहा हजार. तेही भरले. त्यानंतर गिऱ्हाईक गायब.

हूइज, म्हणजे डोमेनच्या नोंदणीची माहिती, काढलं तर मूल्यांकनाची साइट आणि ते प्रश्नोत्तरांचं पान एकाच आठवड्यात नोंदवलेलं. ट्रेडमार्कची भीतीही पोकळच. बार्सिलोना डॉट कॉमवर तिथल्या नगरपालिकेने हक्क सांगितला होता, पण नुसत्या शहराच्या नावावर तसा हक्क मिळत नाही, असं अमेरिकेतल्या अपील कोर्टाने 2003 मध्ये ठरवलं.

जगभरच्या डोमेनांची व्यवस्था पाहणारी आयकॅन असो की डॉट इन सांभाळणारी निक्सी, विक्रीसाठी मूल्यांकनाचं सर्टिफिकेट कुणीच मागत नाही. खरा खरेदीदार पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे मधल्या तिऱ्हाइताकडे, ठेवतो, मग तुम्ही डोमेन त्याच्या नावावर करता. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, ही तऱ्हाच उलटी.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. परवा मांद्र्याच्या एका गेस्टहाऊसवाल्याने त्याला आलेली मेल दाखवली. मजकूर तोच, गिऱ्हाइकाचं आणि सर्टिफिकेटवाल्या साइटचं नाव तेवढं बदललेलं.